आधी किल्ली, मग पाणी

टॅनबार्क नदीच्या वळणावरच्या त्या कॅम्पात वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती आणि नळ तर नव्हताच. तंबू ठोकायच्या अकरा जागा, एक हातपंप, दोन संडास आणि हेल्मीबाई रायसानेन, एवढीच काय ती मालमत्ता. हातपंपाला दर वर्षी दुरुस्ती लागायची. हेल्मीबाईंना एकोणीस उन्हाळ्यांत ती एकदाही लागली नव्हती, निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं होतं.

वय शहात्तर. उंची बेताची, पण खांदे गड्यासारखे. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचे बटाटे सोलून झाल्यावर त्या नवऱ्याबरोबर ट्रेलर घेऊन इथे आल्या होत्या. वनखात्याशी बोलणी साधी होती: उन्हाळाभर फुकट राहा, त्या बदल्यात संडास धुवा, कचरा उचला आणि पिऊन गाणाऱ्यांना झोपायला लावा. नवरा रेनो आल्यागेल्याशी गप्पा मारायचा आणि हेल्मीबाई बाकीचं सगळं करायच्या. सहा वर्षांपूर्वी रेनो गेला. मग गप्पांचं कामही त्यांच्याच अंगावर पडलं आणि त्यांनी ते ओरडून करायला सुरुवात केली.

ओरडण्यासारखं तिथे रोज काही ना काही घडायचं. नदीचा काठ त्या जागी चांगला दोन पुरुष उंच, आणि सगळी भुसभुशीत वाळू. रेनोने सालं काढलेले दोन लांब ओंडके त्या उतारावर शेजारी शेजारी बसवले होते आणि हेल्मीबाई त्यांना मेणबत्ती घासून गुळगुळीत ठेवायच्या. होडी त्यावर ठेवायची, मागच्या टोकाला दोर बांधायचा, एकाने वर दोर धरायचा, एकाने खाली पाण्यात उभं राहायचं. पाच मिनिटांचं काम. शहरातून आलेली माणसं त्याला पाऊण तास लावत आणि शेवटी होडी नदीत नि माणसं वाळूत असत.

"अहो, दोर सोडू नका, दोर! होडी नदीला दान द्यायचीय का?"

"बाई, तुम्ही उलट्या बसलाय. पाय मावतात ना, तिकडे तोंड करायचं."

"भांडण खाली पाण्यात गेल्यावर करा. इथे रांग लागलीय."

एक जण तर नव्याकोऱ्या कयाकमध्ये वरच बसला. टोपी नवी, बूट नवे, वल्ह्यावरचा भाव लिहिलेला कागदसुद्धा निघाला नव्हता. म्हणाला, "मी इथूनच घसरत जाणार. व्हिडिओत बघितलंय मी."

"जा की," हेल्मीबाई म्हणाल्या, "कुणी धरलंय तुम्हाला? फक्त चष्मा माझ्याकडे देऊन जा."

त्याने दिला नाही. तो चष्मा अजून नदीत आहे.

पण हे सगळं हेल्मीबाईंनी खपवून घेतलं. एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच खपवून घेतली नाही. नदी एकाच दिशेने वाहते, परत आणून सोडत नाही. म्हणून होडीवाले आधी एक गाडी बारा मैल खाली लाकडी पुलापाशी उभी करून येतात, दुसऱ्या गाडीने कॅम्पात परततात आणि मग होडी सोडतात. इथवर सगळे शहाणे. पण पुलाजवळच्या गाडीची किल्ली वरच विसरून खाली वाहत जाणं, हा मूर्खपणा फक्त होडीवालेच करू जाणोत. शिकलेसवरलेले, डॉक्टर, प्रोफेसर, एकदा तर एक विमान चालवणारासुद्धा, सगळे ऐन काठावर, किल्ली विचारल्यावर आपलेच खिसे चाचपत बसलेले हेल्मीबाईंनी पाहिले होते.

याचा मूळपुरुष रेनो. पहिल्याच उन्हाळ्यात दोघं नवराबायको होडीने पुलापर्यंत गेली, पिकअप तिथे उभा होता आणि किल्ली कॅम्पात, रेनोच्या गळांच्या डब्यात. रस्ता सरळ, सातच मैलांचा; रेनो तो चालत गेला. हेल्मीबाई चार तास डास मारत होडीजवळ बसल्या. तो परत आल्यावर त्या काय बोलल्या ते दोघांनीही कधी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी हेल्मीबाईंनी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिकअपची जादा किल्ली गोळ्यांच्या बाटलीत घालून पुलाखालच्या खिळ्याला टांगली आणि कॅम्पात नियम केला: किल्ली हातात उंच धरून दाखवायची, कोणत्या गाडीची ते मोठ्याने सांगायचं, तोवर होडी ओंडक्यावर चढायची नाही. स्वतःच्या पिकअपच्या किल्लीला तर त्यांनी तांबड्या लोकरीचा मुठीएवढा गोंडा विणून लावला, म्हणजे आंधळ्यालासुद्धा दिसावी. एकोणीस वर्षांत किल्ली न दाखवता त्या काठावरून एकही होडी सुटली नाही.

त्या ऑगस्टच्या शेवटी मुलगी कार्लीन आली, ती खुर्चीवर बसायच्या आधीच मुद्द्यावर आली.

कार्लीन पन्नाशीची, ग्रीन बे शहरात एका दातांच्या दवाखान्याचा सगळा कारभार बघायची आणि घरी गेल्यावर घरच्यांचा. तिने पर्समधून एक रंगीत पुस्तिका काढली. वृद्धांचं निवासस्थान, गरम पाण्याचा तलाव, दर मंगळवारी चित्रकला.

"आई, पुढच्या उन्हाळ्यासाठी वनखात्याच्या कागदावर तू सही करायची नाहीस. ट्रेलर विकायचा."

"का? काय केलं ट्रेलरने?"

"ट्रेलरने नाही, तू. एप्रिलमध्ये पातेलं जाळलंस. जूनमध्ये गावात जाऊन मला एकाच दिवशी दोनदा फोन करून तीच बातमी दिलीस. आणि चष्मा कुठे सापडला तुझा? बर्फाच्या पेटीत! मटणाच्या पेस्ट्यांच्या खाली!"

"पेस्ट्या काढायला वाकले, चष्मा पडला. थंडगार वाटला डोळ्यांना."

"आई, ही चेष्टा नाहीये."

हेल्मीबाईंना ते माहीत होतं. पातेलं जळालं त्या सकाळी त्या ट्रेलरच्या पायरीवर बसून किती वेळ घाबरल्या होत्या, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण भीती वाटली की त्यांना राग यायचा आणि राग आला की त्या पैज लावायच्या.

"शनिवारी माझ्याबरोबर होडीने पुलापर्यंत चल," त्या म्हणाल्या. "होडी सुटल्यापासून पुलाला लागेपर्यंत मी एक गोष्ट जरी विसरले, तर तुझा तो गरम तलाव कबूल. नाही विसरले, तर सही करीन आणि तू पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही."

"एक जरी?"

"एक जरी."

तंबूंच्या कॅम्पात कापडाच्या भिंती, बातमी अकराही जागांवर पोचली. पाच नंबरला दर वर्षी येणारा डेल नावाचा निवृत्त पोस्टमन तर शुक्रवारी दिवसभर येता-जाता हळूच कुजबुजायचा, "हेल्मी, दोर. हेल्मी, डासांचं औषध." हेल्मीबाईंनी त्याला हाकलून दिलं आणि मग दोन्ही गोष्टी मनगटावर पेनाने लिहून घेतल्या. बाकीची यादी कोपरापर्यंत गेली. वरून लांब बाह्यांचा शर्ट घातला.

शनिवारी सकाळी चांगलीच थंडी होती. पिकअप पुलाशी नेऊन ठेवायचा होता आणि कार्लीनने किल्ली आईच्या हातातून काढून घेतली.

"मी नेते. तू खडीच्या रस्त्यावर चालवू नकोस."

"असल्या रस्त्यावर तुला चालवायला शिकवलं कुणी?"

"बाबांनी," कार्लीन म्हणाली आणि गोंडा जाकिटाच्या खिशात कोंबून निघून गेली. डेल आपल्या गाडीने तिच्या मागे गेला आणि तिला परत घेऊन आला. तोवर ऊन वर आलं होतं. कार्लीनने जाकीट काढून बाकावर टाकलं, बाह्या सरसावल्या आणि होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली. अख्खा कॅम्प कॉफीचे मग घेऊन काठावर जमला होता.

हेल्मीबाईंनी दोर बांधला, वल्ही मोजली, खाण्याची पिशवी ठेवली आणि सवयीने ओरडल्या, "किल्ली!"

"आई, प्लीज."

"किल्ली दाखवल्याशिवाय होडी नाही. पोटची पोर असलीस तरी."

कार्लीनने डोळे फिरवले, पँटच्या खिशात हात घातला आणि एक काळा गुळगुळीत ठोकळा उंच धरला. "ही घे. झालं समाधान?"

ती तिच्या स्वतःच्या गाडीची किल्ली होती. ती गाडी तिथेच, ट्रेलरमागे उभी होती. बाकावरच्या जाकिटाच्या खिशातून तांबडा गोंडा डोकं बाहेर काढून सगळ्या कॅम्पाकडे बघत होता.

हेल्मीबाईंनी ठोकळा पाहिला. गोंडा पाहिला. पुढचा प्रश्न जिभेवर तयारच होता: कोणत्या गाडीची? एकोणीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता. आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं की ही बया मला विसराळू म्हणते. पुलापाशी पोचू दे, खिसे चाचपू दे, मग बघू पैज कोण जिंकतं ते. पुलाखाली जादा किल्ली आहेच.

डेलनेही गोंडा पाहिला होता. त्याने बोलायला तोंड उघडलं. हेल्मीबाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने त्या उघड्या तोंडात कॉफी ओतली आणि त्याला ठसका लागला.

"झालं समाधान," हेल्मीबाई म्हणाल्या. "चल, उतरव."

होडी ओंडक्यांवरून सुर्रकन खाली गेली आणि कोऱ्या चहाच्या रंगाच्या पाण्यात अलगद बसली. काठावर टाळ्या वाजल्या. हेल्मीबाई मागे बसल्या, सुकाणूचं वल्हं हातात घेतलं आणि निघाल्या.

पहिले आठ मैल त्यांच्या आयुष्यातल्या फार सुखाच्या मैलांपैकी होते. पुढे कार्लीन वल्हं मारता मारता व्याख्यान देत होती आणि मागे हेल्मीबाई गालातल्या गालात हसत होत्या.

"तिथे गोळ्या वेळेवर देतात, आई. आठवण ठेवावी लागत नाही."

"असं?"

"माणसाला आपलं विसरणं कळत नाही ना, हाच तर त्रास असतो. अगदी डोळ्यांसमोरची गोष्ट असते बघ."

"खरं गं बाई," हेल्मीबाई म्हणाल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, त्या मनात म्हणाल्या, आणि त्यांना इतकं हसू फुटलं की खोकल्याचं सोंग करावं लागलं.

कार्लीनने परीक्षाही घेतली. डासांचं औषध? हजर. पाणी? हजर. आज वार कोणता? "शनिवार. उद्या रविवार. पुढचेही पाठ आहेत, म्हणू?" आडव्या पडलेल्या झाडापाशी कार्लीन "डावीकडे, डावीकडे" म्हणून किंचाळली, तर हेल्मीबाईंनी एका हाताने होडी उजवीकडून काढली, कारण डावीकडे गेल्या वर्षापासून बुंधा रुतलेला होता. कार्लीनने परीक्षा आटोपती घेतली. आठव्या मैलावर वाळूच्या बेटाला होडी लावून दोघींनी बटाट्या-मटणाच्या पेस्ट्या, म्हणजे भाजलेल्या मोठ्या करंज्या, आणि वेलचीचा पाव खाल्ला.

तिथे पाव चावता चावता हेल्मीबाईंचं सुख संपलं.

खिळा. पुलाखालचा खिळा. वसंतात बर्फ वितळल्यावर त्या पुलाखाली गेल्या होत्या आणि त्या खिळ्याचं काहीतरी झालं होतं. काय झालं होतं? काढला होता? बदलला होता? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, पण पुढे काही येईचना. शर्टाची बाही हळूच वर करून बघितली. कोपरापर्यंत दोर, पाणी, औषध, टोपी, सगळं होतं. किल्लीचं नाव नव्हतं, कारण किल्ली काय विसरायची गोष्ट आहे का?

"आई, काय झालं?"

"काही नाही. घास लागला."

उरलेले चार मैल त्या नुसतं वल्हं मारत राहिल्या. आता त्यांना रेनो आठवत होता, आणि एकोणीस वर्षं आपण ज्यांच्यावर ओरडलो ती सगळी माणसं आठवत होती. त्यातल्या एकालाही त्यांनी जाणूनबुजून तसं जाऊ दिलं नव्हतं. स्वतःच्या मुलीला दिलं. याची त्यांना मनापासून लाज वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पूल आला. होडी वाळूवर ओढली. पिकअप समोर उभा होता, कार्लीनने तो शहराच्या सवयीने नीट कुलूप लावून ठेवला होता.

"घे," कार्लीन हसत म्हणाली, "मला मान्य करायला हवं, आई, तू काहीही..." आणि खिशातून ठोकळा काढून तिने बटण दाबलं. पिकअप एकोणीस वर्षांचा, त्याला बटण कळत नव्हतं. तिने पुन्हा दाबलं. मग ती ठोकळ्याकडे बघत राहिली. मग तिने सगळे खिसे चाचपले, अगदी त्या डॉक्टर-प्रोफेसरांसारखे.

"जाकीट," ती म्हणाली. "अरे देवा. जाकीट बाकावर."

बारा मैल ज्या क्षणाची वाट बघितली तो क्षण आला, आणि हेल्मीबाईंना त्यात काडीची गोडी लागली नाही. "थांब," त्या म्हणाल्या. "पुलाखाली एक आहे."

त्या वाकून पुलाखाली गेल्या. रेनोची तुळई, उजव्या हाताला पहिली. न बघताच हात वर घातला. खिळ्याच्या जागी गंजाचं भोक होतं.

शेजारची तुळई चाचपली. खालचे दगड उलटे केले. पुन्हा पहिली तुळई चाचपली, जणू मधल्या वेळात किल्ली परत येणार होती. मग त्या एका दगडावर बसल्या.

बऱ्याच वेळाने कार्लीन वाकून आत आली. "आई? सापडली?"

"नाही."

"मग?"

"कुठे ठेवली ते आठवत नाही." हे वाक्य त्यांनी आजवर कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर सगळंच बाहेर आलं. "आणि सकाळी मी बघितलं होतं. तू चुकीची किल्ली दाखवलीस ते. गोंडा दिसत होता खिशातून. मुद्दाम गप्प बसले."

"बघितलंस? आणि बोलली नाहीस?"

"पैज होती ना."

"एकोणीस वर्षं परक्या माणसांना अडवलंस, आणि पोटच्या पोरीला सोडलंस?"

"परकी माणसं मला तलावात टाकायला निघाली नव्हती," हेल्मीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला भीती वाटते गं. पातेलं जळालं तेव्हापासून वाटते. विसरते मी. तू म्हणतेस ते खरं आहे. विक ट्रेलर."

कार्लीन वाकत वाकत जवळ आली. ती आईशेजारी दगडावर बसली. वाकून मान अवघडली म्हणून तिने डोकं मागे टाकलं आणि ती तुळईकडे बघत राहिली. तुळईवर तांबड्या रंगात काहीतरी लिहिलं होतं. हेल्मीबाईंना ते पाठ होतं, म्हणून त्यांनी मान वर करून बघितलंच नव्हतं. कार्लीन पुलाखाली पहिल्यांदाच आली होती.

"'रेनो, गाढवा, इथे,'" तिने मोठ्याने वाचलं.

"ते जुनं. तुझ्या बाबांसाठी."

"खाली नवीन रंगात आहे. 'हेल्मी, गाढविणी, खिळा सडला. पलीकडची बाजू, तिसरी तुळई.'"

मग दोघी एकदमच उठल्या, कार्लीनचं डोकं तुळईला आपटलं, आणि दोघी धडपडत पलीकडे गेल्या. तिसऱ्या तुळईला नवा कोरा खिळा होता आणि त्याला गोळ्यांची बाटली लटकत होती.

कार्लीनने बाटली हातात घेतली, पण उघडली नाही. "हे तू कधी लिहिलंस?"

"मे महिन्यात असेल. पातेल्यानंतर. म्हटलं, बाबांना लागलं तसं आता मलाही लागेल."

"म्हणजे तुला माहीत होतं. आणि तू सोय करून ठेवलीस."

"विसरणाऱ्याने सोय करायची नाही तर कुणी? तुझ्यासारखी शहाणी माणसं कशाला करतील?"

कार्लीन हसायला लागली. आधी कपाळ चोळत, मग पोट धरून, मग तिला रडू आलं आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बाबा होते तेव्हा ते पुलाची गोष्ट सांगायला लागले की आई त्यांना दटावून गप्प करायची, ते तिला आठवलं. आता बाबा सांगणार नव्हते.

"पैज कुणी जिंकली गं?" तिने विचारलं.

"मी हरले. किल्लीची जागा विसरले."

"मी किल्लीच विसरले." तिने डोळे पुसले आणि पहिल्या तुळईकडे परत जाऊन ती दोन्ही ओळी पुन्हा वाचून आली. त्यांच्याखाली हातभर जागा मोकळी होती. "आई, तो कागद सोमवारी पाठवायचाय ना? सही कर. पुढच्या ऑगस्टात मी दोन आठवड्यांची रजा घेऊन येते. आणि तो तांबडा रंग उरलाय का?"

"पिकअपच्या सीटमागे डबा आहे," हेल्मीबाई म्हणाल्या. "पण ब्रश कुठे ठेवलाय, ते मला विचारू नकोस."